एक उन्हाळा लागतो

वळसंगच्या शिवारात, आमच्या बांधाच्या उगवतीला
ती कुणी लावलेली नव्हती.
शेळीनं शेंगा खाल्ल्या, दुसऱ्या दिवशी लेंड्या टाकल्या,
एवढाच तिचा जन्मदाखला.
सातबाऱ्यावर विहीर आहे, पोटखराबा आहे,
ती नाही.

फाल्गुनातल्या एका रात्री वावटळीनं पडली.
मुळं वर, मुळांत काळ्या मातीची ढेकळं,
ओच्यात काहीतरी घेऊन उठता उठता
बाई थांबावी तशी.

इरण्णा म्हणाला, वखारीत देऊन टाक,
क्विंटलचा भाव बरा चाललाय.
मी म्हणालो, नको, आपली आहे, आपल्या चुलीला होईल.
आणि 'आपली' म्हणताना जीभ अडखळली.
तांब्याभर पाणी घातलं नव्हतं तिला कधी.
उलट शाळेला जाताना
तिचे काटे टाचेतून काढत बसायचो बांधावर
आणि शिव्या द्यायचो, कानडीतून,
मराठीत तेवढ्या लागत नाहीत म्हणून.

साल काळी, भेगाळलेली.
आत मात्र गुळाच्या ढेपेसारखी तांबूस,
वासही थोडा तसाच, तुरट.
कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात.
आमचा दांडाही बाभळीचाच.
तिसऱ्या ओंडक्यावर घाव घातला
आणि खण्ण झालं.
गोताचं काही झालं नाही,
दांडाच मोडला.

लोखंडी कडी होती आत.
अप्पांनी ठोकलेली, चंद्री म्हैस बांधायला,
मी चौथीत होतो त्या साली.
चंद्री मोहोळच्या बाजारात गेली, अप्पा गेले,
कडी कुठं गेली हे कुणी विचारलंच नव्हतं.
झाड तिला गिळत बसलं होतं,
तीस वर्षं, घाई न करता,
वर्षाला एक घोट.

महानंदानं लाकडं गोठ्याच्या भिंतीला रचली,
साल वर, पोट खाली,
मध्ये वारा जाईल एवढी फट.
ओलं जाळलं तर घर धुरानं भरतं,
आणि भाकरीला डोळ्यातल्या पाण्याची चव येते, असं ती म्हणते.
एक उन्हाळा लागतो.
आमच्याकडे उन्हाळ्याची काय कमी,
वैशाखात पत्र्यावर पापड न लाटताच भाजतील.
तरी ती रोज दोन ढलप्या एकमेकींवर वाजवायची,
कान देऊन.
थप्प.
अजून बोलत नाही, म्हणायची.

पोरगं म्हणालं, गॅस आहे की आई.
ती म्हणाली, गॅसवर भाकरी भाजते,
कडक होत नाही.
कडक व्हायला निखाऱ्याशेजारी
तासभर उभं राहावं लागतं, टेकून,
कुणी घाई न करता.
रोजच्या चाळीस भाकरी नव्या पेठेतल्या दुकानात जातात,
खाणाऱ्याला बाभूळ ठाऊक नसते.

जेठ संपता संपता एका सकाळी
ढलप्या टण्ण वाजल्या.

कडीचा ओंडका तिनं मुद्दाम शेवटी ठेवला होता.
तो दिवसभर जळला. ज्वाळा कमी, आर जास्त,
बाभळीची रीतच तशी.
संध्याकाळी राख ओढली तर कडी निघाली,
आधी लाल, मग करडी, मग नुसती कडी.
सांडशीत धरून तिनं विचारलं, हिचं काय करू?
मला सुचलं नाही.
खिडकीत काडेपेटीशेजारी पडली आहे अजून.
दिवा लावताना बोटाला लागते.

राख भांड्यांना, उरलेली लिंबोणीच्या आळ्यात.
भिंतीजवळ रास आता गुडघ्याएवढी,
संक्रांतीपर्यंत पुरेल, नाही पुरेल.

काल बांधावर गेलो.
जिथं मुळं उपटली होती त्या खड्ड्यात
तीन रोपटी, बोटाएवढी,
काटे आत्ताच फुटलेले, मऊ, पांढरे.
इरण्णाची शेळी तोंड पुढं करून उभी.
हिच्याच कुण्या आजीनं पेरली होती ती.
मी हातात खडा घेतला,
आणि मारावा की नाही
हे ठरेना.