हिरवं

शिन्चूत वारा झोपत नाही.
सर्व्हरच्या डोक्यावर खाऊचं हिरवं पाकीट,
गुणी बाळासारखं वाग म्हणून.
मुदत संपली की नवं आणायचं काम रुइ-यूनचं.

पहाटेचे साडेतीन.
चार हजार एकशे बारा चाचण्या, सगळ्या पास.
रात्रभर राबून पडद्यावरची चिप
जेमतेम नऊ मिलिसेकंद जगलीय
आणि एकदाही चुकलेली नाही.

हेच तिला पटत नाही.
बाप वाऱ्यावर तांदळाच्या शेवया वाळवायचा,
कोरड्याठाक दिसल्या तरी
एक मोडून कानाशी धरायचा.

ती डिझाइन उघडते.
एका 'आणि'चं 'किंवा' करते,
मुद्दाम, आपल्याच घरात शिरलेल्या चोरासारखी,
आणि घड्याळ पुन्हा सोडते.

शून्य, एक, शून्य, शून्य, एक.
पडद्यावर चौकोनी लाटा सरकतात.
आता लाल यायला हवं.
यायलाच हवं.

हिरवं.

म्हणजे राखणदार इतके महिने
डोळे उघडे ठेवून घोरत होता.

पंगसाहेबांना ती फोन लावत नाही, इतक्यात नाही.
थंड झालेला चहा पिते.
'किंवा'चं परत 'आणि' करते.
मग तपासणाऱ्याची फाइल काढते, पहिल्या ओळीपासून.

पहिल्या ओळीत लिहिणाऱ्याचं नाव:
फान रुइ-यून.