खरं म्हणजे पण

आमच्या गावात 'पण'ला 'खरं' म्हणतात.
येणार होतो खरं गाडी चुकली.
पुण्याकडचा माणूस गडबडतो,
नेमकं खरं काय ते विचारतो.

विहीणबाई नीलव्वा सौंदत्तीहून आल्या,
कडक भाकऱ्या, शेंगाचटणी
आणि तीन दिवसांची फुरसत घेऊन.
पोरं कामावर गेली. घरात आम्ही दोघी.
माझं कानडी भाजी घेण्यापुरतं,
त्यांचं मराठी तेवढंसुद्धा नाही.
म्हटलं, चला, बेळगाव बघूया. चालत.

एकतीस वर्षं मी महापालिकेत
जन्म-मृत्यूच्या खिडकीत बसले.
अनंतशयन गल्ली, नार्वेकर गल्ली, काकतीवेस,
रोज लिहायची, दोन्ही वह्यांत.
खरं तिथल्या एका जोत्यावर
पांढरं मांजर उताणं झोपतं
आणि कुणी उठवत नाही,
हे कुठल्याच रकान्यात नव्हतं.

किल्ल्याच्या दारात दुर्गादेवी.
नीलव्वांनी चपला काढल्या, कपाळ टेकलं,
मग खंदकाकडं बोट करून, 'नीरु?'
नीरु, म्हटलं. थोडं. बाकी गवत.

कमळ बस्तीत दगडाचं कमळ
छतातून उलटं लोंबतं.
मान मागं टाकून बघताना
माझ्या मानेत कळ आली.
शेजारी बघते तर ह्यांनी पदर पसरलेला,
चुकून गळलीच एखादी पाकळी तर.

तिथून मशिदीकडं.
तिच्या खांबांवर जुनं कानडी कोरलंय असं ऐकलेलं,
ह्यांना वाचायला लावणार होते.
फाटकावरचा जवान, मिसरूडही न फुटलेला,
म्हणाला, 'आज नहीं, माताजी.'
आत कुठंतरी बिगुल वाजला.
बरंच झालं. जुनं कानडी ह्यांना तरी कुठं येतंय.

खडे बाजारात उन्हं तापली.
पाट्यांवर वर कानडी मोठं, खाली मराठी बारीक.
त्या वरची ओळ वाचत चालल्या, मी खालची,
ओठ हलवत, शाळेतल्या पोरींसारख्या.
एका दुकानाशी दोघी एकदम थांबलो:
छत्री दुरुस्ती.
हसताना त्यांनी माझा हात धरला
तो भांड्यांच्या दुकानापर्यंत सोडला नाही.

माझ्या भावाच्या डोक्यात लाठीची खूण आहे,
ह्याच पाट्यांपायी.
सांगण्याइतकं कानडी मला येत नाही.
उद्या आलं तरी सांगेन का, ठाऊक नाही.

गणपत गल्लीत कुंदा घेतला, कागदावर, बोटांनी.
'चलो ऐति,' नीलव्वा म्हणाल्या,
मी पिशवी उचलून उठलेसुद्धा.
त्यांच्यात चलो म्हणजे छान.
पुन्हा बसले. आणखी पाव किलो सांगितला.
मग त्यांनी गोकाकच्या करदंटाची बाजू मांडली,
बराच वेळ, हातवारे करून,
आणि दुकानदार, जो कुणाचाच नव्हता,
दोघींनाही मान डोलवत राहिला.

शनिवार खुटाशी चपलेचा अंगठा तुटला. माझ्या.
चांभारानं दहा रुपये घेतले
आणि नीलव्वांशी त्यांच्या तालुक्यातल्या
पाहुण्यांची चौकशी केली, चांगली अर्धा तास.
मी एका चपलेवर उभी.

सांज झाली तेव्हा कपिलेश्वरच्या पुलावर होतो.
खालून मालगाडी निघाली, संथ, आमच्याच चालीनं.
आम्ही डबे मोजायला लागलो,
मी मराठीत, त्या कानडीत,
एकमेकींना चुकवत, कठड्यावर बोट आपटत.
माझे बेचाळीस भरले.
'नलवत्तोंदु,' त्या म्हणाल्या. एक्केचाळीस.
बेचाळीस, मी म्हटलं. इंजिन धरून नाही.
त्यांनी दूर जाणाऱ्या शेवटच्या डब्याकडं बघितलं
आणि दिवसभर माझ्या तोंडून ऐकून ऐकून
शिकलेला तो एकच शब्द काढला:
'खरं...'

पुढं काही आलं नाही.
पण म्हणायचं होतं, की मान्य केलं,
विचारायचं राहून गेलं.
पाय बोलत होते. रिक्षा केली.