बोगदा

गाठीचा रिपोर्ट चार वाजता, खिडकीतला माणूस म्हणाला
आणि घड्याळात अजून दोनला दहा कमी.
एप्रिल. धुळ्याचं ऊन असं की सावलीसुद्धा
बुंध्याला पाठ लावून, पोट आत ओढून उभी.
सुपडाअक्का म्हणाली,
ती बाग आखो शे का रे? तोफवाली?

आहे.
कमानीवरचं साल वाचता येत नाही,
अठराच्या पुढच्या दोन आकड्यांत
कबुतरांनी बिऱ्हाड केलंय.
साहेब लोक बॅण्ड ऐकायचे तो आठकोनी चौथरा
आता तिकिटाची खिडकी.
साहेबाच्या पुतळ्याचा नुसता पाया उरलाय,
त्यावर बसून दोन कॉलेजची पोरं शेंगा खातात.
तोफेच्या तोंडात कुणीतरी कुरकुऱ्याची पिशवी कोंबलेली
पण पाठ चकचकीत,
सव्वाशे वर्षांच्या चड्ड्यांनी घासून घासून.

पलीकडे नवं सगळं: फिरत्या कपबश्या,
हवा भरलेला किल्ला, आकाशपाळणा (बंद),
आणि ती.
तीच. रंग नवा, इंजिनाला वाघाचं तोंड,
एक कान तुटलेला.

मी सात वर्षांचा होतो.
आबा शेंगा विकायला आले तेव्हा पोत्यांवर बसून आलो.
अक्का घरी; म्हशीकडे कोण बघणार?
रात्री अंथरुणात तिला सांगितलं:
गाडी डोंगरातून जाते, अक्का.
मधे बोगदा आहे, हात दिसत नाही इतका अंधार,
बाहेर आलं की खाली पांझरा, दोन्ही थड्या भरून.
तिने विचारलं, तुले भेव नई वाटनं?
मी म्हणालो, थोडं.

खरं तर गाडी कुंपणाला एक वेढा मारायची
आणि मी बसलोच नव्हतो.
आबा म्हणाले होते, पुढच्या बारीला.

मोठ्यांना एकटं बसता येत नाही, मावशी,
गाडीवाला पोऱ्या कानातली वायर न काढता म्हणाला,
सोबत लहान मूल लागतं.
अक्काने माझ्याकडे पाहिलं.
मी चौसष्ट वर्षांचा.

मग ती सरळ गेली
कडुलिंबाखाली बसलेल्या एका बाईकडे,
जिच्या खांद्यावर एक पोर झोपलेलं, दुसरं चप्पल चघळणारं.
काय बोलली, ऐकू आलं नाही.
बाई बुरख्याआड खूप हसली.
ले जाओ खाला, इसको भी बैठनाच है.

इनाया, वय पाच, उसनी.

आधीची तीन गेली म्हणून अक्काला जन्मताच
सुपात घालून उंबऱ्यावरून ओढली होती,
म्हणून सुपडी.
त्या एवढ्याशा डब्यात ती बसली तेव्हा
गुडघे हनुवटीला, पदर दातात.
मला सूपच दिसलं.
कुणीतरी ओढावं, असंही वाटलं.

शिट्टी झाली. वाघ हलला.
मी कुंपणाबाहेर: तिच्या चपला,
दादरच्या भाकरीचं फडकं, दवाखान्याची पावती.
हौदामागे, जिथे चिंचेच्या फांद्या
रुळांवर अगदी खाली येतात, तिथे
अक्काचा आवाज आला,
शेतात हाक मारावी तसा:
डोया झाकी ले वं, बोगदा ऊना!

इनायाने दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले.
अक्कानेही.
पाच-सहा क्षण, चिंचेची ठिपक्या-ठिपक्यांची सावली
दोघींवरून सरकत गेली.
आणि मग खाली पाहून अक्का काहीतरी दाखवत होती,
बोट लांबवून,
जिथे फक्त पालापाचोळा आणि पाण्याची फुटकी पाइपलाइन.

दुसऱ्या चकरेला माझ्यासमोरून जाताना म्हणाली,
तू बी झाक.

चार वाजून गेले होते. खिडकी पाचला बंद होते.
मी पोऱ्यापुढे पाचशेची नोट धरली,
आखो एक चक्कर.
तो म्हणाला, काका, सुट्टे द्या.