बाद निगेटिव्ह

एकेचाळीस वर्षं म्हापशात मी माणसांना सांगत आलो,
हनुवटी थोडी खाली.
एवढंच माझं तत्त्वज्ञान.
बाकी सगळं खिडकीनं केलं,
उत्तरेकडची, शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी,
जिच्यातून दहाच्या सुमाराला येणारा उजेड
ताकासारखा असायचा, पातळ आणि गार.

आता पणजीहून एक मुलगी येते
पांढरे हातमोजे घालून.
माझ्या बिस्किटांच्या डब्यांतल्या फिल्मा
दिव्यासमोर धरते, श्वास रोखते,
मला कलावंत म्हणते.
मी चहा टाकायला आत जातो.

खरं सांगायचं तर मी पेन्सिलवाला.
भाटकाराच्या गालांवरचे देवीचे व्रण
टोक काढून काढून भरले,
पैसे मोजताना त्यानं स्वतःचाच गाल चाचपून पाहिला.
कुवेतला निघालेल्यांना एकच कोट होता,
खिशाला शाईचा डाग पडलेला.
डाग पासपोर्टात येत नाही, खालीच कापला जातो.
त्या एका कोटात निम्मा बार्देश विमानात बसला.

आणि हळदोण्याचा कायतान.
मुलगा बोटीवर, त्याला बाप बसलेलाच पाहायचा होता,
म्हणून त्यांनी खुर्चीत टेकवला, टाय बांधला.
मी काळ्या कापडाखाली शिरलो
आणि सवयीनं म्हणालो, हनुवटी थोडी खाली.
कुणी हसलं नाही.
एक नातू पुढं झाला आणि
दोन बोटांनी त्यानं ती खाली केली.

बायकोचा एकही धड फोटो नाही.
म्हणायची, तू असा बघायला लागलास
की मला गिऱ्हाईक झाल्यासारखं वाटतं.
मग मी बघणंच सोडलं. तेही तिला आवडलं नाही.

मुलीनं निवडला तो डबा,
ज्यावर मी खडूनं ‘बाद’ लिहिलं होतं.
हललेले, शिंकलेले,
रंगवलेल्या तळ्याचा पडदा सुटून मागची भिंत दिसणारे.
भिंतभर मोठे केले, खाली वाईनचे पेले.
लोक मान तिरकी करून पाहत होते
मी चाळीस वर्षांत केलेल्या चुका.

सगळ्यात मोठी होती एर्मेलिंदा.
नवरा बोटीवर कुक, त्याला पाठवायला काढलेला.
फ्लॅश उडाला आणि हिनं डोळे मिटले.
मी दुसरा काढला. डोळे टक्क,
चौकीवर अडवल्यासारखे. तोच दिला, आठ रुपये.

तिच्यासमोर एक बाई कितीतरी वेळ उभी.
केस पिकायला आलेले, हातात हेल्मेट.
म्हणाली, मांयनं हाच मागितला होता.
तुम्ही सांगितलंत, खराब झाला.
मी म्हणालो, डोळे मिटले होते ना.
ती म्हणाली, पप्पा घरी असायचा वर्षातले दोन महिने.
त्यानं तिला बहुतेक अशीच पाहिलेली,
पहाटे, निघताना.

यावर मला काही सुचलं नाही.
उजेडाविषयी बोललो असतो, तर बोललो असतो.
तिनं विचारलं, केवढ्याला?
मी म्हणालो, विकायचा नाही हा,
तर खाली किमतीची चिठ्ठी होती, चांगली ठळक.
मी ती नखानं काढू लागलो.
गोंद चांगला होता.
निम्मा आकडा तसाच राहिला.