पान एकशे सत्त्याऐंशी

दांडिया बाजारातल्या आमच्या वाचनालयात
एक कादंबरी आहे, दोनदा बांधलेली.
दुसऱ्या खेपेची खळ मीच शिजवली होती.
कुठूनही उघडा, ती एकाच पानावर उघडते.
तिथे भुंग्या मरतो.

त्याआधी तिच्यात तीन माणसं मरतात:
एक विहिरीत, एक तापानं,
आणि एक आत्या, जिचं मरण दीड ओळीत उरकलंय.
आत्याबद्दल आजवर कुणी चकार शब्द काढलेला नाही.

भुंग्याच्या पानाचा समास मात्र भरून जातो.
"का?" असं एकानं.
"लेखकाच्या घरी कुत्रं नसणार."
गोल, बायकी अक्षरात: "आज आमटी करपली."
पेन्सिल खोडायचं काम माझं.
दर सहा महिन्यांनी रबर घेऊन बसते,
कागद तिथे आता इतका विरलाय
की पाठच्या पानावरचं लग्न
उलट्या अक्षरांत दिसतं.

गुणवंतीबेन मराठी वाचतात, बोलत नाहीत.
पुस्तक घेण्याआधी चष्मा कपाळावर चढवून विचारतात,
"आमां कूतरो मरी तो नथी जतो ने?"
माणसांचं विचारत नाहीत. माणसं काय, मरायचीच,
त्यासाठी कादंबरी कशाला लागते.
एकदा मी खोटं बोलले. "ना ना, जीवे छे."
आठवड्यानं पुस्तक परत आलं,
एकशे शहाऐंशीव्या पानात बसचं तिकीट.
पुढे गेल्याच नव्हत्या.
लेखक अचानक त्याचे फार लाड करायला लागला, म्हणाल्या,
तेव्हाच पोटात गोळा आला.

तिकीट मी काढलं नाही.
त्या पानावर भुंग्या फाटकाशी बसलाय,
एक कान उभा, एक पडलेला.

आणि शितोळे.
महापालिकेच्या जाळीच्या गाडीवर होते, एकोणतीस वर्षं.
कुठली जाळी, ते पोळातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.
निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी ते जिना चढायला लागले
की आमच्या दारातलं कुत्रं
आवाज न करता सायकलींच्या मागे जातं.
ते बघतात. बघितलं नाही असं करतात.

तारखांच्या चिठ्ठीवर त्यांचा नंबर, तीनशे चौदा,
अकरा वेळा.
इतर काही नेत नाहीत असं नाही,
रहस्यकथा नेतात, एकदा लोणच्यांचं पुस्तक नेलं.
पण नवरात्र संपलं की ही.
मला वाटायचं, रडायला नेत असतील.
कुणाला कुठे, कुणाला कुठे, सोय लागते.

यंदा खोडायला बसले तेव्हा दिसलं,
अगदी आत, शिवणीला चिकटून, मुंगीएवढं:
"फास असा टाकत नाहीत."
आणि त्याखाली, वेगळ्या शिशाचं, वेगळ्या वर्षीचं:
"गाडीवाल्याला नाव दिलेलं नाही."

मी पान पुन्हा वाचलं.
खरंच नाही.
भुंग्याला नाव आहे, भुंग्याच्या आईला आहे,
वाण्याच्या मांजरीला तर दोन आहेत.
तो नुसता "खाकीतला एक माणूस",
दोन वाक्यांपुरता येतो,
आणि अख्खं वाचनालय
इतकी वर्षं त्याला शिव्या घालतंय.
मीसुद्धा घातल्यात, बांधणी करताना, तोंडात सुई असताना.

बाकीचं सगळं खोडलं. आमटीसुद्धा.
त्या दोन ओळी राहू दिल्या.
सेक्रेटरींनी विचारलंच, तर सांगेन,
कागद फाटला असता.

शनिवारी खालून सायकली हलल्याचा आवाज आला.
शितोळे काउंटरशी उभे, पिशवीची बंदं बोटाला गुंडाळत.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
पुस्तकाचं नाव न घेता म्हणाले,
"भुंग्या आहे का?"

आहे, म्हटलं,
आणि तिकिटासकट दिलं.