ऐकणे : चार तास पंधरा मिनिटे

डोक्कुमच्या कालव्याकाठी आमचा कारखाना.
गावोगावच्या चर्चमधले जुने ऑर्गन इथे येतात,
त्यांच्या शिशाच्या नळ्या
फ्लॅनेलवर ओळीनं निजवतात.
खाली लाकूड तासतात,
वर मी ते तासांत मोजते.

चार वर्षांपूर्वी विट्झनं सॉफ्टवेअर आणलं.
ज्याच्या त्याच्या खिशात घड्याळ,
कामाला लागताना दाबायचं, उठताना दाबायचं.
यादीत सगळं होतं : कातडं चिकटवणे, प्रवास, सूर लावणे.
नव्हतं ते पोप्केनं पहिल्याच दिवशी
स्वतः टाइप केलं, एका बोटानं :
ऐकणे.

आता समितीचं पत्र आलंय.
सूर लावणे समजलं,
ऐकणे म्हणजे काय, आणि
त्याचे ताशी अडुसष्ट युरो कसे?
विट्झ म्हणाला, येल्त्ये, तो रकाना काढ.
नाहीतर लपव. काहीतरी कर.

काहीतरी करायला तिथे पुष्कळ जागा आहे.
रकाना ओढून कडेला नेता येतो,
नाव बदलता येतं,
मिनिटं पावतासाला टेकवता येतात,
म्हणजे सात मिनिटांचं काहीच नाही
आणि आठांचे पंधरा.
दुपारभर मी रकाने हलवत बसले,
पाहुणे यायच्या आधी खुर्च्या हलवाव्या तशी.

मग, का कोण जाणे,
गाळणीत एकच नाव ठेवलं.
गट : महिन्यानुसार. मुदत : पहिल्यापासून.

एका ओळीतल्या नळ्या ऐकायला
पहिल्या मार्चमध्ये वीस मिनिटं.
पुढच्या मार्चमध्ये पस्तीस.
मग पन्नास.
या मार्चमध्ये एक तास दहा.
नळ्या तेवढ्याच. माणूस तोच.
पडद्यावर निळ्या पट्ट्या उभ्या राहिल्या,
लहान, तिच्याहून मोठी, तिच्याहून मोठी,
थेट ऑर्गनच्या दर्शनी नळ्यांसारख्या,
फक्त वाजत नव्हत्या.

शाळेत काळ-काम-वेगाची गणितं असायची.
तीन गवंडी, एक भिंत, बारा दिवस.
त्या गवंड्यांतला कुणी
कधी म्हातारा झाला नाही.

तरी मला दिसायला हवं होतं.
कॉफीला हाक मारली की तो येतो,
पण हिड्डे उठला की त्याच्या मागून.
बोलताना डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघतो.
आणि गेल्या हिवाळ्यात, मोठ्या नळीवर
तळवा टेकवून उभा होता कितीतरी वेळ,
मला वाटलं, थंडी मोजतोय.

मी गट बदलला : माणसानुसार नको, कामानुसार.
नावांचा रकाना बंद.
ऐकणे गेलं सूर लावणेच्या पोटात,
बेरीज जशीच्या तशी.
हा आराखडा जतन करायचा? हो.
नाव? समितीसाठी.
आणि त्या निळ्या पट्ट्या?
जतन करायच्या का, त्यानं दोनदा विचारलं.
दोनदा नाही म्हटलं.

खाली गेले तर हिड्डे दातांच्या डॉक्टरकडे,
पोप्के शिडीवर एकटा.
ही पट्टी दाबून धर, म्हणाला,
सोडू नकोस.
पेन्सिलीएवढी नळी,
तिचा आवाज कानात टाचणीसारखा,
आणि तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता.
मी भुवई जरा वर केली.
त्यानं पत्र्याला हलकेच टिचकी मारली.
अजून जरा.
अजून.
मग मी मान डोलावली
आणि आम्ही पुढच्या नळीकडे गेलो,
दोघांनीही काही न बोलता.

माझ्याही खिशात घड्याळ आहे.
खाली येताना दाबलं होतं,
घरी जाताना दाबायचं राहिलं.
सकाळी उघडून पाहते तर :
येल्त्ये, ऐकणे, सोळा तास दोन मिनिटं,
आणि पुढचं मिनिट चालूच.
पावतासाला टेकवू का, विचारतंय.
थांब म्हटलं.