तूट

आडगाव नाक्याच्या पुढे, सर्व्हिस रोडला लागून
माझा साठ टनी काटा.
बावीस वर्षं एकच हिशोब:
भरलेली गाडी वजा रिकामी गाडी,
उरेल तो माल.
पावती. शिक्का. पुढची घ्या.

जानेवारीत तीननंतर गाड्या विरळ होतात.
निफाडचा पारा चारावर आला
की इथेही बोटं बटणं ओळखत नाहीत.
लांब द्राक्षबागांतल्या शेकोट्यांचा धूर
जमीन धरून सरकत असतो, घडांना ऊब द्यायला.
आम्हाला रमजान पिंजारीचा थर्मास.

रिकाम्या काट्यावर, गोणपाट ओढून आणून
एक लालसर कुत्री झोपते.
ती झोपली की स्क्रीनवर वीस.
काटा दहादहाच्या पायरीनं चढतो,
मधलं त्याला दिसत नाही.
गाडी आली की ती उठते, शून्य होतं.
बावीस वर्षांत इतकं समजूतदार गिऱ्हाईक
दुसरं नाही.

त्या रात्री, तीन सतराला,
उभ्या ट्रेलरची सावली यार्डभर गरकन फिरली
आणि जागेवर येऊन बसली.
वेल्डिंगचा असतो तसला उजेड, हिरवट.
रामशेजच्या अंगाला काहीतरी फुटलं, विझलं.
आवाज आला तोवर चहा ओतून झाला होता.
पत्रे थरथरले, कपातही थरथरलं.
रमजान म्हणाला, ओझरचं विमान.
मी म्हणालो, असेल.

दुसऱ्या दिवशी गायधनी मॅडम आल्या,
कॉलेजात फिजिक्स शिकवतात,
पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन.
म्हणाल्या, मीटरभराचा धोंडा होता.
आठ तास आधी कुठल्याशा दुर्बिणीला दिसला,
घाईघाईनं नंबर पडला त्याचा,
अक्षरं, आकडे,
आपल्या गाड्यांना असतात तसेच.
त्याआधी किती वर्षं
सूर्याला फेऱ्या घालत होता
ना माल, ना मालक, ना नाका.

किती वजन, मी विचारलं.
सवयच.
आत शिरताना दोन टन असेल.
आणि उतरला किती?
सापडला तर मूठभर. नाहीतर तेवढंही नाही.
बाकीचा धूर झाला, धूळ झाली,
महिनाभर येत राहील खाली, कळणार नाही.

म्हणजे तूट, मी म्हणालो.
त्या हसल्या. मी हसलो नाही.
गिरणाऱ्याचा टोमॅटो दिल्लीला जाईतो घटतो,
कोथिंबीर तर नुसत्या वाऱ्यानं घटते,
हे मला माहीत आहे, त्यावरून हाणामाऱ्या पाहिल्यात.
पण दोन टन भरून निघायचं
आणि मूठ पोचवायची,
वर कुणावर दावा नाही!
तारा तुटला म्हणतो आपण.
तारा नव्हता तो.
तुटलं तेवढं खरं.

त्यांनी कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं. कॅमेरा बंद होता.
मग काट्याची नोंद काढून दिली:
तीन सतरा, सेकंद नऊ: वीस.
तीन सतरा, सेकंद अकरा: शून्य.
कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या.
वरून माल आला
आणि माझ्या काट्यावर वजन घटलं.
कुत्री घाबरून ट्रेलरखाली गेली होती, इतकंच.
मी सांगितलं नाही लगेच.

मग पत्र्याच्या पन्हाळीत चुंबक फिरवलं त्यांनी.
काळी पूड चिकटली, चिमूटभर.
ह्यातलं बहुतेक ट्रकच्या ब्रेकचं, म्हणाल्या,
एखादा कण तिकडचा निघालाच, तर नशीब.
चिमूट कागदात बांधली, वर तारीख घातली,
आणि काय वाटलं कुणास ठाऊक,
माझी सही घेतली.

कुत्री चौथ्या रात्री परतली.
गोणपाट हुंगलं, वर बघितलं,
दोनदा गोल फिरून बसली.
स्क्रीनवर वीस.
रमजान म्हणाला, खरी पंधरासोळा असेल ती,
वरचे चारपाच कुणाचे?

मी म्हटलं, असू दे.